आत्तोबांचा स्वच्छ अल्बम

"तो येडा म्हातारा सुपारीला गानी ऐकवतो ना, म्हनून त्याची सुपारी गलते," अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या रिक्षात माझ्या शेजारची मासळीवाली पलीकडच्या बाईला सांगत होती.

"गानी? मी ऐकलंय. गानी न्हाय ती. कुनीतरी इंजिनाशी भांडतंय असा वाटतंय."

"आन् बायको मधीच वरडते त्याची!"

दोघी हसल्या. मी मांडीवरची बॅग जवळ ओढून बाहेर बघत राहिले. तो म्हातारा म्हणजे माझे आत्तोबा, आणि मधेच ओरडणारी ती माझी आत्या. आत्या श्रावणात गेली, हे त्यांना ठाऊक नसावं. सांगता आलं असतं. पण अनोळखी माणसांशी बोलणं मला जमत नाही. ओळखीच्यांशीही फारसं जमत नाही. शिवाय मी निघाले होते आत्तोबांकडेच, आणि त्यांनी फोनवर दिलेल्या हुकमाचा अर्थ लावण्यात गुंतले होते. "इंग्लिश मीडियम, रविवारी ये. आणि येताना थंड काही खाऊ-पिऊ नकोस, गळा नीट ठेव," एवढंच ते म्हणाले होते.

आमच्या आत्तोबांनी आयुष्यात एकही गोष्ट चारचौघांसारखी केली नाही, आणि ती तशी का केली नाही याचं उत्तर त्यांच्याकडे कायम तयार असे. लोक पडवीत झोपाळा टांगतात, यांनी झोपाळ्याच्या कड्यांना देवळाचा जुना भोंगा टांगला. देवळानं नवे स्पीकर घेतले तेव्हा तो त्यांनी मागून आणला होता. त्यावरचं देणगीदाराचं नाव त्यांनी पुसलं नाही. "माणसानं श्रद्धेनं दिलंय, आपण कोण पुसणार?" आत्तोबांची गिटार त्या भोंग्यातूनच वाजे, त्यामुळे ते ती जुळवायला बसले की कुणा परगावच्या पाहुण्याला आरतीची वेळ झालीसं वाटून तो फाटकाशी चपला काढून उभा राही, आणि आत्या त्याला आत बोलावून चहा देई. आत्तोबा आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवायचे. तिथून त्यांनी लवकर निवृत्ती घेतली. कारण विचारलं तर म्हणायचे, "पोरं चांगली होती गं, पण कुणाच्याही आवाजात दुःख नव्हतं." वायरिंगला आवाजातलं दुःख कशाला लागतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दुःख ही त्यांची मोठीच अडचण होती. तरुणपणी उरणला बंदरावर विजेची कामं करताना एका परदेशी खलाशानं त्यांना एक कॅसेट दिली, आणि त्यांनी त्याला हापूसची पेटी दिली. तो आंबे खाऊन मोकळा झाला. आत्तोबा अजून ती कॅसेट ऐकताहेत. तीत ब्लूज होते. शेतांत आणि गोद्यांवर राबणाऱ्या काळ्या माणसांची जुनी, दुखरी गाणी, पुढे विजेच्या गिटारवर कडक झालेली. आत्तोबांनी गिटार मिळवली, डाव्या हाताच्या बोटात नळाच्या तांब्याच्या पाइपाचा तुकडा घातला आणि तो तारांवरून घसरवत सूर काढायला शिकले. भाषा मात्र आपलीच ठेवली. लाइट गेल्यावर गाणं, माकडांनी शहाळी पाडल्यावर गाणं, तहसील कचेरीत साहेब जेवायला गेल्यावर गाणं. फक्त दुःख कमी पडायचं. खाऊन-पिऊन सुखी माणूस, मूलबाळ नाही याची खंतही दोघांनी केव्हाच आपसांत मिटवलेली. मग ते दुःख बाहेर शोधत. पोस्टमनला थांबवून विचारत, "काय रे, घरी सगळं बरं ना?" तो "बरं आहे" म्हणाला की यांचा चेहरा पडे. गाताना ते काळा गॉगल लावत. बनियन, पंचा आणि गॉगल. "डोळ्यांवर उजेड आला की मला दुःखी वाटत नाही," असं त्यांचं म्हणणं. आत्या विहिरीवरून म्हणायची, "दुःख हवंय ना? मी महिनाभर माहेरी जाऊन राहते." यावर आत्तोबा घाबरून गॉगल काढून ठेवत. ब्लूज म्हणजे काय, असं शेजारच्या काकूंनी तिला एकदा विचारलं होतं. "पाय आपटत रडायचं," आत्यानं सांगितलं.

आता इंजिनाचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय आत्तोबांचं एकही गाणं नाही. त्यांची नारळी-सुपारीची वाडी आहे. दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत तिला एक दिवसाआड पाणी द्यावं लागतं. याला आमच्याकडे शिंपणं म्हणतात. विहिरीतून उपसलेलं पाणी मातीच्या पाटांतून एकेका झाडाच्या आळ्यात जातं. एक आळं भरलं की खोऱ्यानं माती ओढून पाट बंद करायचा आणि पाणी पुढच्या आळ्याकडे वळवायचं. बाकी सगळ्यांनी विजेच्या मोटारी बसवल्या, कुणी कुणी तुषार सिंचन केलं. आत्तोबांनी मात्र वडिलांच्या काळातलं डिझेल इंजिन ठेवलं, कारण ते ठेका धरायचं. टुक्... टुक्... टुक्... टुक्. ड्रमवाला नाही, साथीला कुणी नाही, एकट्याचा सगळा कारभार, म्हणून इंजिन हाच त्यांचा साथीदार. विहिरीच्या कठड्याशी खुर्ची टाकून, माइक पेरूच्या फांदीला बांधून, ते शिंपण्याच्या वेळी गाणी रेकॉर्ड करत. इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा स्क्रू ते तंबोरा जुळवावा तितक्या मायेनं पिळत. "लोक बायकोला कंटाळून नाद करतात. ह्यांनी इंजिन ठेवलंय," आत्या म्हणायची.

पण इंजिनालाही मूड असे. विहिरीतलं पाणी खाली गेलं की पंप हवा खायला लागे, इंजिनावरचा भार उतरे आणि ते सुटल्यासारखं पळू लागे. गाणं अर्ध्यावर असलं की आत्तोबांनाही त्याच्यामागे पळावं लागे. त्यामुळे त्यांचं प्रत्येक गाणं संथ, खोल दुःखात सुरू होतं आणि शेवटाला गाडी चुकत असल्यासारखं धावत सुटतं. ही अडचण आहे हे परदेशातल्या ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. आत्तोबा अल्बम इंटरनेटवर टाकत आणि जगाच्या कोपऱ्यांतून थोडे लोक ते ऐकत. त्यांत पोलंडचा एक दातांचा डॉक्टर सगळ्यांत निष्ठावान. त्यानं एकदा लिहिलं, की शेवटाला वेग वाढवण्याचं असं धाडस आजकाल कोणी करत नाही. त्याची पत्रं वाचून दाखवणं आणि उत्तरं इंग्रजीत लिहिणं हे माझं काम. इंग्रजी शाळेत शिकल्याचा आमच्या कुटुंबाला झालेला हा एकमेव फायदा, असं आत्तोबा म्हणत, आणि म्हणून माझं नावच त्यांनी 'इंग्लिश मीडियम' ठेवलं होतं. धाडसाचं ते वाक्य मी वाचून दाखवलं, तेव्हा ते इंजिनाकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का रे?"

आणि प्रत्येक गाण्यात आत्या होती. पाट वळवणं तिचं काम. साडीचा ओचा खोचून, गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात खोरं. आत्तोबा डोळे मिटून एखादी लांब तान सोडत आणि मागून खणखणीत हाक येई, "अहो, भरलं होऽऽ!" झालं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तोवर वाडीत तळं. कधी कधी वैतागून ते तसंच पुढे गात, आणि शेवटी तेच ठेवावं लागे, कारण तोवर विहिरीचं पाणी संपलेलं असे. किनाऱ्यावरची विहीर, जास्त उपसली की मचूळ होते, आणि ती शेजारच्या काकूंच्या वाडीशी सामाईक. काकू कुंपणापलीकडून म्हणत, "तुमच्या गाण्यापायी आमची सुपारी खारट व्हायची!" तर अशा रीतीनं त्यांच्या तिन्ही अल्बमांत आत्या होती. गिटारच्या मागून, इंजिनाच्या आडून, कुठे स्पष्ट, कुठे अर्धीमुर्धी. आत्तोबा नंतर कितीतरी दिवस कानाला हेडफोन लावून तिला पुसत बसत. हा त्यांचा आवडता तक्रारीचा विषय. "जगात कुणाचीही बायको अल्बमच्या मधे येत नाही." आत्या ताक घुसळता घुसळता म्हणे, "मग जगात कुणाचीही वाडी हिरवी नसेल."

चौथ्या अल्बमच्या वेळी त्यांनी मनावर घेतलं. एका परदेशी संकेतस्थळावर स्वतंत्र कलाकारांची निवड चालली होती. मी त्यांच्या सांगण्यावरून त्यांची गाणी पाठवली, आणि उत्तर आलं की गाणी वेगळी आहेत, पण रेकॉर्डिंग स्वच्छ नाही, मागे कुणीतरी बोलतं. हे मी वाचून दाखवत होते तेव्हा आत्या दारात पाय पुसत होती. दुसऱ्या दिवशी आत्तोबांनी नवीन पद्धत काढली. आळं भरलं की आत्यानं हाक द्यायची नाही, लाल पंचा हलवायचा. तो दिसला की ते गाण्यातली जागा बघून थांबतील, आणि मगच तिनं पाणी वळवायचं, म्हणजे खोऱ्याचाही आवाज येणार नाही. गेल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा आत्या सुपारीच्या रांगांत लाल पंचा घेऊन उभी असलेली दिसे, स्टेशनमास्तरसारखी. एकदा आत्तोबा डोळे मिटून असे काही रंगले, की आळं भरलं, दुसरं भरलं, पाट फुटला, पाणी कुंपणाखालून काकूंच्या मिरच्यांत गेलं, आणि आत्या पंचा हलवतेच आहे. तोंडातून शब्द नाही. शेवटी काकूच ओरडल्या, "अहो, तुमची समुद्रभरती थांबवा!" गाणं फुकट गेलं ते काकूंमुळे. आत्तोबा काकूंवर चिडले. आत्याला म्हणाले, "तू मात्र शाबास!" ती हसली. मी तिच्याकडे बघत होते. आत्या आजवर अशी हसलेली मी पाहिली नव्हती. बसमध्ये कुणी आपल्याला जागा दिल्यावर आपण त्या अनोळखी माणसाकडे बघून हसतो, तसं ते हसू होतं.

पाऊस सुरू व्हायच्या आत गाणी पूर्ण झाली. श्रावणात आत्याला ताप आला. आधी साधा वाटला, मग अलिबागला नेलं, मग पनवेलला, आणि मग आणलं. वाडीत पाणी आपलं आपण पडत होतं. आत्तोबांच्या डोळ्यांवर गॉगल नव्हता. भेटायला येणारे दारात चपला काढत आणि त्यांना म्हणत, "आता गाण्यात मन रमवा." आयुष्यभर ज्याच्या शोधात होते ते आता हवं तेवढं घरात होतं, आणि आत्तोबांनी गिटारला हातसुद्धा लावला नाही. दिवाळीपर्यंत ती भिंतीला तशीच टेकून होती. मग एके दिवशी त्यांनी तो तयार अल्बम कुणाला तरी ऐकवायचा म्हणून पोलंडच्या डॉक्टरला पाठवला, आणि त्याचं उत्तर मला पुढे ढकललं. मी ते ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. रेकॉर्डिंग उत्तम झालंय, एकेक तार वेगळी ऐकू येते, असं त्यानं लिहिलं होतं. आणि खाली, की माझ्या दवाखान्यात तुमची गाणी चालू असतात, माझे रुग्णही विचारतात, त्या बाई कुठे आहेत? मी प्रत्येक गाण्यात त्यांची वाट पाहिली.

मराठीत सांगताना मी हे वाक्य वगळू शकले असते. फोन हातात घेऊन बराच वेळ मी तेच ठरवत होते. शेवटी जसं होतं तसं सांगितलं.

नंतर कळलं की त्या दिवसापासून ते जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आत्याला शोधत होते. जुन्या गाण्यांतली तिची हाक उचलून नव्या गाण्यात बसवता येईल, असा त्यांचा बेत. पण जिथे ती आहे, तिथे तिच्यासोबत दुसऱ्याच गाण्याची गिटार आहे, दुसऱ्याच वेगाचं इंजिन आहे. तिला एकटीला सोडवून घेता येत नाही. आणि ज्या रेकॉर्डिंगमध्ये ती अगदी स्वच्छ ऐकू यायची, ती सगळी खराब म्हणून आत्तोबांनी स्वतःच पुसून टाकली होती.

रविवारी मी पोचले तेव्हा इंजिन सुरू होतं. फाटकापासूनच टुक् टुक् ऐकू येत होतं. आत्तोबा विहिरीशी होते. बनियन, पंचा, आणि गॉगल लावलेला. माइक पेरूला बांधलेला. मला बघून ते खूप दिवसांनी नीट हसले, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. शेवटचं गाणं पुन्हा करायचं. तुझा आवाज तिच्यावर गेलाय, फोनवर मला दर वेळी क्षणभर फसायला होतं. सुपारीच्या तिसऱ्या रांगेत उभी राहा. आळं भरलं की हाक दे.

"मी आत्तोबांना 'अहो' कशी म्हणू?" मी विचारलं.

"'अहो' नको म्हणू. नुसतं 'भरलं हो' म्हण. जोरात. लाजू नकोस, इथे कोण आहे?"

कुंपणापलीकडे काकू होत्या. त्या ओल्या मिरच्या तोडत होत्या. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पाठ करून काम करू लागल्या. मी चपला काढल्या, सलवार वर घेतली आणि चिखलात जाऊन उभी राहिले. पाणी थंडगार होतं. आत्तोबांनी तांब्याचा तुकडा बोटात घातला. पहिला सूर आला तो कापरा होता. मग गाणं सुरू झालं. आवाज बसलेला, पण खरा. माझ्या पायाशी आळं भरत होतं. सुपारीच्या बुंध्याभोवती पाणी चढत होतं, वाळलेलं पान तरंगायला लागलं होतं. माझ्या घशात हाक तयार होती. ती कित्येकदा मनातल्या मनात म्हणून पाहिल्यासारखी नीट जुळलेली होती, आणि ती हुबेहूब आत्यासारखी आली असती, याची मला भीती वाटत होती.

कारण उभ्या उभ्या मला माझ्या सुट्टीतले बाकीचे, गाणं नसलेले दिवस आठवत होते. आत्तोबा तालुक्याला गेलेले असत, किंवा माळ्यावर काही जोडत बसलेले असत, आणि वाडीला पाणी द्यायचं असे. तेव्हाही मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली असे आणि आत्या एकटी सगळी वाडी शिंपत असे. आळं भरलं की खोऱ्यानं माती ओढायची, पाणी वळवायची, पुढे जायची. शेवटचं झाड झालं की स्वतः जाऊन इंजिन बंद करायची. संपूर्ण शिंपण्यात तिच्या तोंडून एक शब्द निघत नसे. पाणी वळवायला तिला कुणाला काही विचारायचं नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं. हाक यायची ती फक्त गाणं चालू असताना. आत्तोबा एक ओळ संपवून श्वास घ्यायला थांबत, त्याच जागी, बरोबर.

आळं भरून वाहू लागलं. पाणी माझ्या घोट्यांवरून पाटात परत येऊ लागलं. आत्तोबांची ओळ संपली आणि ते थांबले. डोळे मिटलेले, मान माझ्या दिशेला किंचित कललेली. इंजिन ठेका धरून होतं. मी हाक दिली नाही. ते पुढची ओळ न गाता तसेच थांबले. मग त्यांनी गॉगल काढला आणि माझ्याकडे पाहिलं. काकूंचे हातही थांबले होते. माइक सुरू होता. मी आजवर इतक्या जोरात कधी बोलले नव्हते, पण इंजिनाच्या वरून ऐकू जायला तेवढं बोलणं भाग होतं.

"आत्तोबा," मी म्हणाले, "मी ओरडले तर ते पाण्यासाठीच होईल. आत्या पाण्यासाठी नव्हती ओरडत."